घराचा बांधकाम परवाना: टेबलाच्या आतल्या बाजूने

घराच्या परवान्याबद्दल लोकांचा एक समज पक्का असतो, की अर्ज दिला की खरा त्रास सुरू होतो. मी कृष्णाकाठच्या एका नगरपरिषदेत, नगररचना विभागात रचना सहायक होते. साहेबांची सही होण्याआधी फाइल माझ्यासारख्यांच्या टेबलावरून जायची. तिथे रखडलेल्या फाइलींपैकी बहुतेकींचं दुखणं अर्जाच्या तारखेपेक्षा जुनं असायचं. आजोबांच्या नंतरची वारस नोंद नाही, मोजणी झालेली नाही, प्लॉटचं क्षेत्र तीन कागदांवर तीन प्रकारचं. अर्जदाराला वाटायचं, मॅडम मुद्दाम अडवतात. आता निवृत्त आहे, तेव्हा निवांतपणे सांगते.

हे सगळं महापालिका, नगरपरिषद आणि नगरपंचायत हद्दीत स्वतःचं राहतं घर बांधणाऱ्यांसाठी आहे. राज्यात ३ डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू झाली, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. ऑफिसात सगळे तिला यू.डी.सी.पी.आर. म्हणतात. बृहन्मुंबई महापालिका, एम.आय.डी.सी., थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा, लोणावळा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेली क्षेत्रं यांना ती लागू नाही, त्यांचे नियम वेगळे. गावठाणाबाहेर ग्रामपंचायत हद्दीत बांधायचं असेल तर ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर विसंबू नका, तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात आधी विचारा. त्यात मी इथे शिरत नाही.

परवानगी कशाला लागते

रंग, गिलावा, फरशी बदलणं, जुन्या छपराचे पत्रे त्याच उंचीवर बदलणं, याला परवाना लागत नाही. वरचा मजला चढवायचा, मागे एक खोली काढायची, तळमजल्याच्या खोलीला शटर लावून दुकान करायचं, याला लागतो. शटरवालं लोकांना पटत नाही. ‘भिंत तर तीच आहे ना?’ म्हणतात. पण कायद्याला बांधकामाइतकाच वापराशीही मतलब आहे. राहण्याच्या जागेत दुकान आलं की वापर बदलला.

गॅलरी बंद करून खोली केली तर चटई क्षेत्र, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायला मुभा असते त्यात मोजलं जाणारं बांधकाम, वाढतं. ‘फक्त काचा लावल्यात’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचा बोलायच्या आधीच मला कळायचं.

आधी जमीन, मग नकाशा

घराचं चित्र डोक्यात आलं की लोक आधी इंजिनिअरकडे धावतात. माझा आग्रह असा, की त्याआधी जमिनीचे कागद घरी टेबलावर पसरून बसा.

सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, दोन्हीपैकी तुमच्या जागेला जे लागू असेल ते ताजं काढा. शहराच्या नगर भूमापन (सिटी सर्व्हे) हद्दीत आलेल्या जागेला मालमत्ता पत्रक असतं, आणि काही जागांची दोन्हीही चालू राहिलेली असतात. दोन्हींवर क्षेत्र वेगळं दिसलं तर तिथेच थांबा. खरेदीखतावर काय लिहिलंय, मंजूर रेखांकनात (लेआउटमध्ये) तुमच्या प्लॉटचं क्षेत्र किती, आणि उताऱ्यावर किती, हे तिन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. तपासणारा माणूस सगळ्यात आधी हेच करतो. मीही हेच करायची.

मग नावं बघा. उताऱ्यावर जेवढी नावं तेवढ्या सह्या. थोरला पुण्यात, मधला दुबईत, धाकटा इथे घर बांधतोय आणि उताऱ्यावर अजून वडिलांचं नाव, हे आपल्याकडे घरोघरी. वडील वारले असतील तर आधी तलाठ्याकडे किंवा नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करून घ्या, फेरफार मंजूर होऊ द्या. त्यानंतर सहहिस्सेदारांची संमती घ्या. सही करायला कोणी येऊ शकत नसेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र. ‘आमच्यात वाद नाहीत’ हे खरं असलं तरी कागदावर दिसलं पाहिजे. घराच्या पायाभरणीपर्यंत गोड असलेली नाती स्लॅब पडताना आंबट होताना आम्ही बघितली आहेत, आणि त्या वेळी पहिली तक्रार आमच्याच ऑफिसात यायची: ‘माझी संमती नसताना परवाना दिलाच कसा?’

‘इतर हक्क’ हा रकाना वाचायची सवय लोकांना नाही. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टाचा मनाई आदेश, सगळं तिथे दडलेलं असतं. जमीन भोगवटादार वर्ग-२, म्हणजे सरकारी अटींवर धारण केलेली, असेल तर महसूल खात्याची परवानगी आणि नजराण्याचा, म्हणजे त्यासाठी सरकारला भरायच्या रकमेचा, प्रश्न येतो. ते आधी मार्गी लावा. अकृषिक परवानगीचं (एन.ए.चं, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करण्याचं) म्हणाल, तर जमीन महसूल संहितेत कलम ४२-अ पासून पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी विकास आराखड्यातल्या जमिनींची ती जुनी फेरी बरीच कमी केली आहे. तरी महसुलाकडून काहीच लागत नाही असं धरून चालू नका. तहसील कार्यालयात जाऊन तुमच्या गटाला सध्या काय लागतं ते विचारा, कारण या भागात बदल पटापट होतात.

गुंठेवारीत घेतलेली जागा असेल, म्हणजे मंजूर रेखांकन नसताना एकेक दोन-दोन गुंठे तोडून विकलेली, तर थेट परवाना मागू नका. २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. आधी त्याखाली तुमचा भूखंड नियमित होतो का बघा. दलालाने ‘एन.ए. होणार आहे’ सांगितलं होतं, याला फाइलमध्ये जागा नाही.

आणि मोजणी. हद्द कायम मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख खात्याच्या उपअधीक्षकांकडे, ई-मोजणीतून ऑनलाइन करता येतो. नियमित आणि द्रुतगती, म्हणजे लवकरची, असे प्रकार असतात, फी त्याप्रमाणे. खर्च वाचवायला लोक मोजणी शेवटी ठेवतात. नेमकं उलटं करा. नकाशा काढण्याआधी मोजणी करून मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात घ्या. कारण जागेवर कुंपण एकीकडे असतं आणि हद्द दुसरीकडे, आणि शेजाऱ्याची भिंत तुमच्यात फूटभर आलेली असते. नकाशा कुंपणावरून काढला आणि मोजणीत हद्द सरकली, तर सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून घरापर्यंत मोकळी सोडायची जागा, कमी पडतं, नकाशा नव्याने काढावा लागतो, आणि फी पुन्हा. मोजणीच्या दिवसाची शेजाऱ्यांना आधी नोटीस जाते, ते हजर असले तर चांगलंच. चहा पाजा, वाद त्याच दिवशी उघड होऊ द्या.

झोन दाखला आणि भाग नकाशा

हे दोन कागद स्वस्त आणि लवकर मिळणारे, आणि तरी सगळ्यात कमी लोक आधी काढतात. झोन दाखल्यावर तुमचा गट नंबर रहिवास विभागात आहे, शेती विभागात आहे की आणखी कशात, हे कळतं. भाग नकाशावर विकास आराखड्यातला रस्ता तुमच्या प्लॉटमधून जातो का, बागेचं किंवा शाळेचं आरक्षण आहे का, ते दिसतं.

आरक्षण निघालं तर हातपाय गाळू नका, पण घर बांधायचा नादही तात्पुरता सोडा. आराखडा अंमलात आल्यावर दहा वर्षांत जागा संपादित झाली नसेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली सूचना देता येते. सूचनेनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं. त्या कामाला वकील लागतो.

आमच्यासारख्या नदीकाठच्या गावांत आणखी एक गोष्ट, पूररेषा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये नवीन बांधकामाला परवानगी नाही. निळी आणि लाल यांच्या मध्ये अटी घालून मिळते, जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. २०१९ चा पूर पाहिल्यानंतर या अटीवर वाद घालणारे लोक आमच्याकडे एकदम कमी झाले.

प्लॉटवरून किंवा शेजारून विजेची तार गेली असेल तर नकाशात ती दाखवा. ११ के.व्ही.च्या तारेपासून आडवं अंतर किमान १.२ मीटर लागतं, ३३ के.व्ही.ला २ मीटर. तार न दाखवल्याने ती अदृश्य होत नाही. जागेवर आलेला माणूस आधी वर बघतो. जुनं झाड तोडावं लागणार असेल तर १९७५ च्या वृक्ष जतन कायद्याखाली वेगळी परवानगी, ती बांधकाम परवान्यात आपोआप येत नाही. रेल्वेची हद्द, संरक्षण खात्याची जागा, संरक्षित स्मारक यापैकी काही जवळ असेल तर त्यांचा ना-हरकत दाखला घ्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. तो आधी मागा.

दीड गुंठा आणि तीन गुंठे

नव्या नियमावलीत लहान घरांना मोठी सवलत आहे आणि ती अजून बऱ्याच जणांना ठाऊक नाही. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर कमी जोखमीचं घर असेल तर परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने सही केलेला नकाशा, कागदपत्रं आणि शुल्क भरल्याची पावती दाखल केली की शिक्का मारलेली पोच हाच परवाना. १५० ते ३०० चौरस मीटरमध्ये १० दिवसांत परवाना द्यायचा असतो. दोन्हींत मजल्यांवर मर्यादा आहे, ती तुमच्या अभियंत्याकडून समजून घ्या.

गंमत अशी, की आपल्याकडे प्लॉट गुंठ्यात घेतले जातात. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. म्हणून दीड गुंठा होतो १५१.७६, आणि तीन गुंठे होतात ३०३.५. दोन्ही रेषेच्या जेमतेम पलीकडे! कोपऱ्यावरचे, तिरके प्लॉट मोजणीत थोडे कमीही भरतात. म्हणून उताऱ्यावरचं नेमकं क्षेत्र आणि मोजणीचं क्षेत्र बघितल्याशिवाय ‘आपलं घर छोटं आहे, लगेच होईल’ असं समजू नका. आणि मोजणीत क्षेत्र मुद्दाम कमी दाखवायला कोणी सुचवलं तर ऐकू नका. पुढे विकताना तोच कागद समोर येतो.

सवलत मिळाली म्हणजे नियम सुटले असं नाही. सामासिक अंतर सोडायचंच, चटई क्षेत्राची मर्यादा पाळायचीच. फरक एवढाच, की आधी तपासणी आम्ही करायचो, आता चुकलं तर जबाबदारी सही करणाऱ्या अभियंत्यावर आणि तुमच्यावर.

माणूस निवडताना

नकाशावर सही कोण करू शकतं? वास्तुविशारद असेल तर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी. अभियंता असेल तर स्थानिक प्राधिकरणाचा परवाना, आणि तो चालू आहे का हे विचारायला लाजू नका. परवान्याला मुदत असते. इमारतीच्या मजबुतीचं गणित करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर बऱ्याचदा वेगळा माणूस असतो. त्याचीही सही फाइलमध्ये लागते.

अर्ज आता ऑनलाइन जातो आणि लॉगिन बहुधा तुमच्या अभियंत्याचं असतं. इथे मी एकच हट्ट करते: अर्जात मोबाइल नंबर तुमचा स्वतःचा टाकायला लावा. नाहीतर त्रुटी पत्र येतं, ते त्याच्याकडे जातं, तो दुसऱ्या साइटवर असतो, आणि तुम्ही घरी बसून ऑफिसला शिव्या देत असता. ‘सगळं मी बघतो’ म्हणणाऱ्याला फी काय, त्यात काय काय आलं, भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत (घर पूर्ण झाल्यावर ‘राहायला हरकत नाही’ म्हणून मिळणाऱ्या शेवटच्या दाखल्यापर्यंत) काम आहे की परवान्यापर्यंतच, हे कागदावर लिहून घ्या. बहुतेक भांडणं इथेच होतात, कारण मालकाच्या मनात भोगवट्यापर्यंतचं काम असतं आणि इंजिनिअरच्या मनात परवान्यापर्यंतचं.

कोऱ्या कागदावर सही नाही, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर तर नाहीच.

नकाशा कसा वाचला जातो

तुम्ही खोल्या बघता. आम्ही आधी नकाशाच्या कडेचा क्षेत्र तक्ता बघतो. भूखंडाचं क्षेत्र, त्यातून रस्तारुंदीत जाणारं वजा, उरलेलं निव्वळ क्षेत्र, त्यावर अनुज्ञेय चटई क्षेत्र, प्रस्तावित चटई क्षेत्र. गावठाणाबाहेरच्या भागात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१० आहे, त्यावर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे प्रीमियम भरून जास्तीचं मिळू शकतं. त्याशिवाय राहत्या घराला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक चटई क्षेत्र, म्हणजे जिना, गॅलरी यांसारख्या गोष्टींसाठीचं जादा क्षेत्र आहे, तेही प्रीमियम भरूनच. तक्ता अभियंत्याला समोर बसवून ओळीने समजून घ्या. एक ओळ जरी ‘ते असंच असतं हो’ म्हणून उडवली तर तिच्यावरच बोट ठेवा.

मग सामासिक अंतरं. पुढे किती, बाजूला किती, मागे किती, हे भूखंडाच्या आकारावर आणि समोरच्या रस्त्यावर ठरतं. जिना, शौचालयाची टाकी, पाण्याची टाकी, गाडी लावायची जागा हे सामासिक अंतरात कोंबलेलं असतं, तिथेच लाल पेन चालतं. आता ड्रॉइंग संगणकच तपासतो, आणि तो माझ्यापेक्षा कडक आहे. त्याला चार सेंटिमीटरही दिसतात.

रंगांची भाषा ओळखली की नकाशा तुम्हालाही वाचता येतो. नवीन बांधकाम लाल रंगाने भरलेलं, पाडायचं ते पिवळ्या रेघांनी, सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक रेघेने, भूखंडाची हद्द जाड काळी. जुन्या घरावर मजला चढवताना खालचं सगळं लाल दाखवलेलं असेल तर अभियंत्याने जुनं मंजूर आहे की नाही हे बघितलंच नाही, असं समजा. जुन्या घराचा मंजूर नकाशा सापडत नसेल तर नगरपरिषदेच्या अभिलेख कक्षात अर्ज करा, माहिती अधिकारातही मागता येतो. तोच नसेल तर जुनं बांधकाम आधी नियमित होतं का हे बघावं लागेल, आणि वरच्या मजल्याची घाई तिथेच थांबते.

५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा भूखंड असेल तर पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण नकाशात दाखवावं लागतं. आमच्याकडे कधीकधी नकाशात दाखवायचे आणि जागेवर खड्डाही नसायचा. भोगवट्याच्या वेळी तो खणायला लागायचा, तेव्हा फरशी बसलेली असायची.

अर्ज दिल्यानंतर

दाखल झाल्याची पोच आणि तिच्यावरची तारीख जपून ठेवा. नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. हे वाक्य अर्धवट ऐकून लोक कुदळ मारतात. उरलेलं अर्धं असं: ते ६० दिवस अर्जाच्या तारखेपासून किंवा तुम्ही त्रुटींना दिलेल्या उत्तराच्या तारखेपासून, यापैकी जी तारीख नंतरची असेल तिथून मोजायचे. आणि बांधकाम नियमात बसत असेल तरच ही मानीव परवानगी कामाची. नियमाबाहेरचा नकाशा साठ दिवस धूळ खात पडला म्हणून नियमात येत नाही.

म्हणून त्रुटी पत्राला उत्तर देताना निम्म्या त्रुटी आज, निम्म्या पुढच्या आठवड्यात असं करू नका. पत्रात सात मुद्दे असतील तर सातही मुद्द्यांना क्रमाने, त्याच आकड्याखाली उत्तर, आणि सोबत कागद जोडून त्यावरही तोच आकडा. एखादी त्रुटी चुकीची वाटली तर गप्प बसू नका. नियमाचा आधार लिहून ‘ही त्रुटी लागू होत नाही’ असं नम्रपणे लिहा. असं उत्तर आलं की आम्हालाही नियम उघडून बघावा लागायचा, आणि कधीकधी अर्जदाराचंच बरोबर निघायचं.

ऑफिसला येऊन तोंडी विचारलं तर चालतं, पण काय ठरलं ते घरी जाऊन दोन ओळींत लिहा आणि पोर्टलवर किंवा आवकला टाका. साहेब बदलतात, कागद राहतो.

झोन दाखला, भाग नकाशा, बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित आहेत. कोणत्या अधिकाऱ्याने किती दिवसांत द्यायचं हे ऑफिसातल्या फलकावर लिहिलेलं असलं पाहिजे. मुदत उलटली तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि शेवटी आयोग. परवानगी नाकारली गेली तर अधिनियमाच्या कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. नकार कोणत्या नियमाने दिला हे पत्रात वाचा; पुष्कळदा अपील करण्यापेक्षा नकाशा अर्धा मीटर मागे घेणं स्वस्त पडतं.

पैसे

छाननी शुल्क अर्जाबरोबर. मंजुरी जवळ आली की मागणीपत्र येतं: विकास शुल्क, प्रीमियम लागू असेल तर ते, अनामत रक्कम, राडारोड्याचं शुल्क, आणि बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार कल्याण उपकर. स्वतःच्या लहान घराला उपकरातून सूट असू शकते. मागणीपत्र आल्यावर ती विचारा, आपणहून कोणी कमी करत नाही. विकास शुल्क हे रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी दरतक्त्यातल्या, जमिनीच्या दरावर काढलं जातं, म्हणून नव्या दराचा तक्ता लागू होण्याच्या आसपास अर्ज असेल तर कोणता दर धरलाय तो बघा.

सगळं चलनाने किंवा ऑनलाइन भरायचं, आणि पावती. चलनाबाहेर कोणी मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. मी ऑफिसातली असूनही सांगते.

परवाना हातात आल्यावर

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजेच परवाना, आलं की पेढे वाटा, पण मागची पानंही वाचा. अटी मागच्या पानावर असतात. परवाना एक वर्षाचा असतो. त्यात काम सुरू झालं नाही तर मुदत संपायच्या आधी नूतनीकरण मागायचं. वर्षावर्षाने तीनदा वाढवून एकूण चार वर्षांपर्यंत. त्यानंतर नव्याने अर्ज, तेव्हाच्या नियमाने आणि तेव्हाच्या दराने. कर्ज मंजूर व्हायची वाट बघत परवाना मोडीत काढलेले लोक मला माहीत आहेत.

जोत्यापर्यंत काम आलं की थांबा आणि जोते तपासणीची सूचना अभियंत्याकरवी द्या. हे थांबणं गवंड्याला आवडत नाही, सिमेंट आलेलं असतं. पण जोतं अर्धा फूट पुढे सरकलेलं याच टप्प्यावर कळलं तर दुरुस्त होतं. स्लॅब पडल्यावर ते दुरुस्त होत नाही, ते दंड भरून नियमित होतं किंवा पाडलं जातं.

मध्येच काही बदलावंसं वाटलं तर? वाटतंच. जावई म्हणतो स्वयंपाकघर पूर्वेला हवं, वास्तुवाला जिना हलवायला लावतो. आतल्या भिंतींचे किरकोळ फेरफार ही एक गोष्ट, पण बाहेरची रेषा, उंची, जिना किंवा क्षेत्र बदलणार असेल तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्या, मग बांधा. नंतर सादर करू म्हणाल तर मधल्या काळात शेजाऱ्याने तक्रार केली, की कलम ५४ ची काम थांबवण्याची नोटीस येते.

रस्त्यावर वाळू-खडी टाकण्याबद्दल लोकांना वाटतं तो गावाचा हक्क आहे. तो नाही. त्याचीही परवानगी आणि भाडं असतं.

भोगवटा

घरपट्टी लागली म्हणजे घर अधिकृत झालं, असं नाही. कर विभाग बेकायदा घरालाही पट्टी लावतो. अधिकृतपणा ठरतो भोगवटा प्रमाणपत्राने, आणि ते नसताना राहायला गेलेली घरं आपल्या गावात मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही. महापालिका हद्दीत अनधिकृत बांधकामाला मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्तीची (दंडाची) तरतूद आहे. विकताना, कर्ज घेताना, भाड्याने बँकेला किंवा सरकारी ऑफिसला देताना भोगवटा मागितला जातो, आणि तेव्हा दहा वर्षांपूर्वीचा अभियंता सापडत नाही.

म्हणून काम पूर्ण झालं की पूर्णत्वाचा दाखला अभियंत्याकडून घ्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्या, मालमत्ता कर आणि पाणीपट्टी भरलेल्या पावत्या जोडा आणि भोगवट्याचा अर्ज करा. तळमजला पूर्ण आणि वरचा अर्धवट असेल तर भागशः भोगवटा मागता येतो. पाहणीला माणूस येईल तेव्हा गाडी लावायच्या जागेत सिमेंटची पोती आणि जुना पलंग ठेवू नका. ती जागा नकाशात मोकळी दाखवली आहे.

भोगवटा मिळाल्यावर अनामत रक्कम परत मागायची असते. ती आपोआप खात्यात येत नाही. मूळ पावती, भोगवट्याची प्रत आणि रद्द केलेला धनादेश जोडून लेखा विभागाच्या नावाने वेगळा अर्ज करा, आणि त्याचीही पोच घ्या.